खाऊं घालण्याचा परवाना

'परवाना' हा शब्द आपल्याकडे फारशींतून आला. त्या भाषेंत त्याचे दोन अर्थ आहेत. एक सरकारी आज्ञापत्र आणि दुसरा दिव्यावर झेंप घेणारा पतंग. उर्दू शायरांनीं दुसऱ्या अर्थाचे इतके लाड केले आहेत कीं पहिला त्यांच्या मैफलींत कोणाला आठवतहि नसेल. आम्हां मराठी माणसांनीं मात्र आपल्या रोखठोक स्वभावाला अनुसरून पतंग सोडून दिला आणि कागद तेवढा ठेवून घेतला. इंग्रजींतल्या 'लायसन्स' ह्या शब्दाची गोष्टहि अशीच गमतीची आहे. परवानगी हा त्याचा एक अर्थ, तर बेबंद वर्तन हा दुसरा. एकाच शब्दाच्या पोटांत मोकळीक आणि मोकाटपणा कसे नांदतात, हें मी गेलीं पंचवीस-तीस वर्षें वर्गांत मुलांना सांगत आलों आहें. परंतु परवाना म्हणजे प्रत्यक्षांत काय, तो कोण कोणाला देतो आणि कशाच्या जोरावर देतो, ह्याचा विचार करण्याची पाळी मजवर २०२३ सालच्या जून महिन्यांत आली. आणि ती आणणारी व्यक्ति माझ्या वर्गांतली नव्हती, स्वयंपाकघरांतली होती.

आमच्या घरीं नऊ वर्षें पोळ्या करावयास एक बाई येत असत. वय पंचेचाळिशीच्या आसपासचें. मुलें त्यांना 'मावशी' म्हणत, म्हणून आम्ही उभयतांहि मावशीच म्हणूं लागलों. अशा मावशी पुण्यांत घरोघरीं आहेत. सकाळीं सहापासून दुपारीं एकपर्यंत पांच घरें आणि दिवेलागणीनंतर तीन, असा त्यांचा क्रम असे. कोठें बारा पोळ्या, कोठें वीस. दिवसाकांठीं सव्वाशें पोळ्या तरी त्यांच्या हातून तव्यावर पडत. एके दिवशीं कणीक मळतां मळतां त्या म्हणाल्या, "सर, पोळी-भाजीचं केंद्र काढावं म्हणते. गाळा बघून ठेवलाय. त्याचं लायसन्स काढून द्याल का?"

पोळी-भाजी केंद्र ही संस्था पुणेकरांना समजावून सांगण्याची गरज नाहीं. हॉटेलाइतकी ती मोठी नसते आणि खाणावळीसारखी तेथें पंगतहि बसत नाहीं. कामावरून परतणारीं नवराबायको, परगांवचे विद्यार्थी, मुलें परदेशीं असलेलीं वृद्ध जोडपीं तेथें येतात, मोजून पोळ्या आणि डब्यांत भाजी घेतात व घरीं जाऊन आपल्याच ताटांत जेवतात. घरचें जेवण घरीं शिजेनासें झालें, तेव्हां तें शिजविणाऱ्या हातांनीं दुकान मांडलें, इतकाच त्याचा इतिहास.

मी कायद्याचा माणूस नव्हें. पण कागद वाचणें हा माझा धंदाच असल्यामुळें मीं तें काम अंगावर घेतलें. १९५४ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याच्या जागीं २००६ सालीं संसदेनें अन्नसुरक्षा व मानकें कायदा केला आणि ५ ऑगस्ट २०११ पासून तो अंमलांत आला. नांवांतला फरक पाहण्यासारखा आहे. जुन्या कायद्याच्या नांवांत गुन्हा आहे. नव्याच्या नांवांत अन्न आहे. ह्या नव्या कायद्याचें ३१ वें कलम सांगतें कीं परवान्यावांचून कोणीं अन्नाचा धंदा करूं नये. मात्र फेरीवाले, हातावर पोट असणारे लहान विक्रेते वगैरेंना परवान्याची सक्ती नाहीं. त्यांनीं नुसती नोंदणी केली म्हणजे पुरे. लोक दोहोंनाहि लायसन्सच म्हणतात. २०११ च्या नियमांनीं लहान कोणाला म्हणावें ह्याची सीमा वर्षाला १२ लाख रुपयांच्या उलाढालीवर आंखली होती. म्हणजे दिवसाला सुमारें ३,३०० रुपये झाले. तो आंकडा ऐकून मावशींनीं कणकेचे हात कपाळाला लावले. "बारा लाख! एवढ्या पोळ्या लाटल्या तर सर, माझे हात जाग्यावर राहतील का?"

नोंदणीची फी त्या नियमांप्रमाणें वर्षाला १०० रुपये होती. अर्ज मिळाल्यापासून सात दिवसांत अधिकाऱ्यानें नोंदणी द्यावी, कारण सांगून नाकारावी, नाहीं तर तपासणीची नोटीस काढावी, असें त्यांत लिहिलें होतें. तपासणी ठरली तर तीस दिवसांत निकाल लागावा. आणि मुदतींत कांहींच कळविलें नाहीं, तर अर्जदारानें खुशाल धंदा सुरू करावा. सरकारचें मौन म्हणजे संमति, असें सरकारनें स्वतःच लिहून दिलेलें पाहून मला त्या कागदाविषयीं आदर वाटूं लागला.

मग आम्ही अर्जाकडे वळलों. नियमांना जोडलेला नमुना 'अ' मीं मावशींना मोठ्यानें वाचून दाखविला. धंद्याचा प्रकार कोणता? अर्जदाराचें नांव, छायाचित्र, ओळखीचा पुरावा. जागेचा पत्ता. कोणते पदार्थ करणार? उलाढाल किती? सुरुवात कोणत्या तारखेला? पाणी कोठलें, सार्वजनिक नळाचें कीं खाजगी? विजेचा उपयोग करतां काय? इतकें वाचून मी थांबलों. मावशी अजून वाट पाहत होत्या.

"झालं?" त्यांनीं विचारलें.

"झालं."

"जात नाही विचारत?"

मीं पुन्हां एकदां वरपासून खालपर्यंत पाहिलें. तो रकाना नव्हता. मावशी कांहीं बोलल्या नाहींत. पण त्या दिवशीं पोळ्या आटोपल्यावर त्या प्रथमच खुर्चीवर बसल्या आणि त्यांनीं आपल्या आठ घरांची हकीकत सांगितली. आठांपैकीं तीन घरीं पहिल्या दिवशीं आडनांव विचारलें होतें. एके घरीं तें ऐकल्यावर बाईंनीं मोठ्या गोडीनें सुचविलें होतें, "पोळ्यांचं राहू दे, भांड्यांचं बघता का?" हात तेच, पाणी तेंच, साबण तोच. मावशींनीं तें नववें घर सोडून दिलें होतें.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं चौथें परिशिष्ट वाचलें. अन्नाचा धंदा करणाऱ्यानें स्वच्छता कशी राखावी हें त्यांत सांगितलें आहे. पाणी पिण्याजोगें असावें. सांडपाण्याचा निचरा व्हावा. नखें कापलेलीं असावींत. सांसर्गिक रोग असलेल्या माणसानें अन्नाला हात लावूं नये. जखम झांकलेली असावी. जेथें अन्न शिजतें तेथें तंबाखू चघळूं नये, थुंकूं नये, नाक शिंकरूं नये. आणि माझें सर्वांत आवडतें कलम: हात पुसण्याचें फडकें निराळें, ओटा पुसण्याचें निराळें, जमीन पुसण्याच्या फडक्यानें भांडीं कदापि पुसूं नयेत. मावशी ऐकत होत्या. शेवटीं म्हणाल्या, "हे सगळं मला सासूबाईंनी शिकवलंय. नाक शिंकरायचं तेवढं त्यांना सुचलं नव्हतं."

त्यांचें बोलणें मला फार खरें वाटलें. आमच्या जुन्या सोवळ्यांतहि ह्या यादींतलें पुष्कळ होतें. स्नान, धुतलेलें वस्त्र, निराळें पाणी, झांकलेलें अन्न. सोवळ्याची टिंगल करणाऱ्यांनीं हें विसरूं नये. परंतु सोवळ्यांत आणखी एक कलम होतें, आणि तें सगळ्यांच्या आधीं येत असे. करणारा जन्मानें कोण? तें जुळलें नाहीं तर बाकीच्या कलमांना अर्थ नव्हता. आणि तें जुळलें म्हणजे बाकीच्यांकडे पुष्कळदां काणाडोळा होई. १८९० सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें जमलेल्या प्रतिष्ठितांपुढें चहा आला. गोपाळराव जोशी यांनीं हजर असलेल्यांचीं नांवें छापवून आणलीं आणि त्या चहाच्या पेल्यांत मोठें ग्रामण्य उठलें. न्यायमूर्ति रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांनाहि त्यापायीं प्रायश्चित्ताच्या भानगडींत सांपडावें लागलें. वाद चहाच्या स्वच्छतेचा नव्हता. तो कोणाच्या हातचा, एवढाच होता. म्हणजे खाऊं घालण्याचा परवाना तेव्हांहि होता. तो देणारें कार्यालय तेवढें निराळें होतें.

हें कार्यालय बंद झालें आहे, अशी माझी समजूत करून देण्यास आमचा अर्ज तयार होता. त्यांत फक्त जागेचा पत्ता भरावयाचा राहिला होता. आणि त्यासाठीं गाळ्याचा भाडेकरार हवा होता. गाळ्याचे मालक एक सुशिक्षित, निवृत्त गृहस्थ. त्यांनीं आम्हांला चहा दिला. धूर कोठून जाईल, मोरीला पाणी किती जाईल, संध्याकाळीं गर्दी होईल काय, हें सगळें त्यांनीं विचारलें. प्रश्न योग्य होते. मावशींनीं उत्तरेंहि नीट दिलीं. घरगुती सिलिंडर धंद्याला चालत नाहीं, १९ किलोचें व्यापारी सिलिंडर घ्यावें लागतें, हेंहि त्यांनींच मालकांना सांगितलें. आम्ही उठलों तेव्हां त्यांनीं सहज विचारावें तसें विचारलें, "मूळ गाव कुठलं म्हणालात तुमचं? आणि आडनाव?" मावशींनीं दोन्ही सांगितलीं. "बरं, घरात विचारून कळवतो," ते म्हणाले.

जिना उतरतांना मला अजून आशा होती. मावशींना नव्हती. त्या म्हणाल्या, "दुसरा गाळा बघायला लागेल, सर. नळाचं नि मोरीचं विचारत होते तोवर मला वाटलं, जमलं." त्यांच्या बोलण्यांत राग नव्हता, म्हणून तें मला जास्त लागलें. मालकांचें उत्तर पुढें कधींच आलें नाहीं. त्यांनीं नकारहि दिला नाहीं. सात दिवसांत निकाल देण्याचें बंधन सरकारवर होतें, त्यांच्यावर नव्हतें.

त्या रात्रीं मला कोल्हापूरच्या गंगाराम कांबळे यांची आठवण झाली. शाहू महाराजांच्या पागेंत ते नोकर होते. पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल त्यांना इतर नोकरांनीं मारहाण केली. महाराजांनीं त्यांना स्वतंत्र धंदा काढण्यास मदत केली आणि गंगाराम यांनीं कोल्हापुरांत चहाचें हॉटेल घातलें. हॉटेल स्वच्छ होतें, चहा चांगला होता. पण अस्पृश्याच्या हातचा चहा प्यावयास येणार कोण? तेव्हां महाराज स्वतः तेथें गेले, आपण चहा प्यायले आणि बरोबरच्या मंडळींनाहि पाजला. ही गोष्ट महाराजांच्या मनाच्या मोठेपणासाठीं सांगण्यांत येते, आणि तें योग्यच आहे. मला त्या दिवशीं तिची दुसरी बाजू दिसली. गंगाराम यांना धंदा करण्यास कोणाची मनाई नव्हती. त्यांना कमी पडत होता तो पिणाऱ्याचा परवाना; आणि तो एका राजाला आपल्या ओठांनीं द्यावा लागला.

पुढें २६ जानेवारी १९५० रोजीं आपली राज्यघटना अंमलांत आली. तिच्या १५ व्या अनुच्छेदानें दुकानें, सार्वजनिक उपाहारगृहें आणि हॉटेलें यांचीं दारें जन्माच्या कारणावरून कोणालाहि बंद करतां येणार नाहींत असें ठरविलें. १९ व्या अनुच्छेदानें प्रत्येक नागरिकाला कोणताहि व्यवसाय करण्याचा हक्क दिला. एकानें खाणाऱ्याला आंत घेतलें, दुसऱ्यानें करणाऱ्याला चुलीपाशीं उभें केलें. पण ज्याला खावयाचेंच नाहीं त्याच्या मुखांत घांस घालण्याचें कलम कोणत्याहि घटनेंत असूं शकत नाहीं. २०१७ सालीं ह्याच पुण्यांत स्वयंपाकाच्या बाईनें जात लपविली म्हणून पोलिसांत तक्रार गेली होती, हें वाचकांना आठवत असेल. तक्रार पुढें मागें घेतली गेली. तरी ती करावीशी वाटली, हें राहिलेंच.

मावशींनीं दहा दिवसांत दुसरा गाळा शोधला. त्याचे मालक एस.टी.तून निवृत्त झालेले कंडक्टर होते. त्यांनीं अनामत किती, भाडें कोणत्या तारखेला, एवढें विचारलें; शिवाय मोरी स्वतः उघडून दाखविली. आम्हीं अर्ज पाठविला आणि सहाव्या दिवशीं प्रमाणपत्र आलें. त्यावर मावशींचें छायाचित्र होतें, चौदा आंकडी क्रमांक होता (नोंदणीचा क्रमांक २ ह्या आंकड्यानें सुरू होतो, परवान्याचा १ नें), आणि 'अन्न व्यवसाय चालक' म्हणून त्यांचें संपूर्ण नांव होतें. स्वतःचें, पतीचें आणि आडनांव. त्या नांवावरून त्यांनीं बोट फिरविलें. "आठ घरांत जाते," त्या म्हणाल्या, "माझं पुरतं नाव एकालाही ठाऊक नाही."

येथें मला अन्नपूर्णा महिला मंडळाची गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. मुंबईच्या गिरणगांवांत कोंकणांतून आणि घाटावरून आलेले गिरणी-कामगार खाणावळींत जेवत. त्या खाणावळी पुष्कळशा बायका आपल्या एवढ्याशा खोलींत चालवीत. पहांटेपासून रात्रपाळीपर्यंत त्यांची चूल विझत नसे. तरी बँकेच्या लेखीं त्यांचा धंदा धंदाच नव्हता, त्यामुळें दाणागोटा भरावयास त्यांना सावकाराचें दार गांठावें लागे. १९७५ सालीं प्रेमा पुरव यांनीं ह्या बायकांचें मंडळ उभारलें आणि त्यांना बँकेचीं कर्जें मिळवून दिलीं. घरांत जें रांधणें होतें तेंच कागदावर आल्याबरोबर धंदा झाला. बाईच्या हाताला चव आहे असें आपण सहज म्हणतों. त्या हाताला हिशेबांत जागा मिळावयास मात्र कागद लागतो. म्हणून सरकारी कागदाची जी थट्टा आपण सुशिक्षित लोक करतों, ती ज्यांच्याजवळ कागद पूर्वींपासून आहेत त्यांनाच परवडते, असें मला वाटूं लागलें आहे.

आतां प्रश्न उरला तो प्रमाणपत्र लावावयाचें कोठें हा. तें दर्शनी भागीं, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असें लावावें, असा नियम आहे. मावशींची मुलगी महाविद्यालयांत शिकते. तिनें सुचविलें, "आई, आतल्या भिंतीला लाव. लावलंय म्हणायला झालं." तिचें म्हणणें काय होतें तें आम्हां सर्वांनाच समजलें. ज्या आडनांवानें पहिला गाळा गेला, तेंच आडनांव आतां सरकारी शिक्क्यासह दाराशीं टांगावयाचें होतें. मावशींनीं क्षणभर विचार केला आणि त्या म्हणाल्या, "ज्याला वाचायचंय त्यानं आधी वाचावं. पोळी घरी नेल्यावर कळलं, असं नको." प्रमाणपत्र काउंटरच्या वर, बरोबर डोळ्यांसमोर लागलें.

केंद्र सुरू झालें त्या आठवड्यांत मी संध्याकाळीं तेथें थोडा वेळ उभा राहत असें. बहुतेक लोक त्या कागदाकडे पाहतहि नव्हते. त्यांचे डोळे तव्यावरच्या फुगणाऱ्या पोळीवर होते. एका बाईंनीं मात्र तो नीट वाचला, पर्स बंद केली आणि "नंतर येते" म्हणून त्या गेल्या. त्या नंतर आल्या कीं नाहीं तें मला माहीत नाहीं. एका म्हाताऱ्या गृहस्थांनींहि तो चष्मा लावून वाचला आणि विचारलें, "पाणी कुठलं वापरता?" मावशींनीं नळ दाखविला. त्यांनीं सहा पोळ्या आणि मेथीची भाजी घेतली. आज मावशींच्या हाताखालीं दोन बायका आहेत आणि आमच्या घरच्या पोळ्या त्यांच्याच केंद्रावरून येतात. सौ. म्हणते, पूर्वींच्या जास्त मऊ होत्या. पण तें ती त्या घरीं येत होत्या तेव्हांहि दर सोमवारीं म्हणत असे.

ह्या सगळ्या खटाटोपांतून मला एक गोष्ट उमजली. अन्न व औषध प्रशासनानें दिलेला तो कागद हा परवान्याचा अर्धा भाग आहे. त्यानें विचारावयाचे तेच प्रश्न विचारले. पाणी, हात, नखें, फडकीं, आरोग्य. जन्माचा प्रश्न त्यानें गाळला, आणि शंभर रुपयांच्या एवढ्याशा कागदानें ही गोष्ट करावी हें मला कांहीं लहान वाटत नाहीं. परंतु दुसरा अर्धा भाग काउंटरच्या अलीकडे उभ्या असलेल्या आपल्याकडे आहे. तो कोणतेंहि कार्यालय देऊं शकत नाहीं, आणि तो देतांना काय विचारावें हेंहि कोणी आपल्याला लिहून देत नाहीं. सुदैवानें चौथें परिशिष्ट कोणालाहि वाचतां येतें. अशा एखाद्या केंद्रापुढें उभें राहण्याची वेळ आली म्हणजे वाचकांनीं तो भिंतीवरचा कागद अवश्य पाहावा. पाणी कोठलें तें विचारावें, तेल कितीदां तापविलें तें विचारावें, ओटा पुसण्याचें फडकें निराळें आहे कीं नाहीं तेंहि पाहावें. तो आपला हक्क आहे, आणि चोख धंदा करणाऱ्याला त्याचा राग येत नाहीं. एवढें विचारून झाल्यावर भाजी कोणती, एवढाच प्रश्न शिल्लक राहावा.